बरोबरबाई

तळघरात दिवसभर कुठला एक शब्द ऐकू येत असेल, तर तो 'बरोबर'.

वर ऑपरेशनं व्हायची आणि त्या ऑपरेशनांची हत्यारं खाली तळघरात यायची. कात्र्या, चिमटे, सुया धरायच्या पकडी. ती धुवायची, तपासायची, मोजायची, कापडात बांधायची, ऑटोक्लेव्हच्या वाफेत घालायची आणि पुन्हा वर धाडायची. मोजणी दोघींनी करायची असा नियम होता. एकीनं मोठ्यानं आकडा म्हणायचा, दुसरीनं ऐकून 'बरोबर' म्हणायचं आणि चिठ्ठीवर टिकमार्क करायचा. दिवसाला दीडशे ट्रे. म्हणजे दीडशे वेळा बरोबर.

अकरा वर्षं हे काम करून करून एकीच्या जिभेला त्या शब्दाचा घट्टा पडला होता. घरी नवरा म्हणायचा, "आज उकडतंय," तर ही म्हणायची, "बरोबर." भाजीवाला म्हणायचा, "बाई, अर्ध्या किलोच्या वर झालंय," ही म्हणायची, "बरोबर." लेकीनं एकदा मुद्दाम विचारलं, "आई, मी नापास होणार, बरोबर?" आणि आईनं भांडी घासता घासता तिलाही बरोबर म्हणून टाकलं. त्या दिवसापासून लेकीनं तिचं नाव बरोबरबाई ठेवलं. लेकीनं ते फोनवर कुणाला सांगितलं आणि फिरत फिरत ते तळघरात पोचलं. तिथं सगळ्यांना ते इतकं पटलं की पगाराच्या पावतीवरचं नाव वाचून लोक विचारायचे, ही कोण?

तळघराचे दोन भाग होते. मध्ये भिंत, भिंतीत सरकत्या काचेची खिडकी. भिंतीच्या अलीकडे कोरडी बाजू: पांढरी टेबलं, पंखा, खुर्च्या, बांधणी. पलीकडे ओली बाजू: सिंक, ब्रश, रक्त, गरम पाण्याची वाफ, पायात गमबूट. ऑपरेशनवरून उतरलेला ट्रे आधी ओल्या बाजूला यायचा. तिथली बाई मोजायची आणि खिडकीतून आकडा सांगायची. टिकमार्क मात्र कोरड्या बाजूच्या बाईनं करायचा. का, तर ओल्या बाजूवाल्यांचे हात ओले, कागद भिजतो. कारण साधंच होतं. पण त्याचा अर्थ असा व्हायचा की ओल्या बाजूनं मोजलेलं कोरड्या बाजूच्या पेनाशिवाय खरं होत नसे.

आणि ओल्या बाजूला कोण, हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. शहराच्या मधून कालवा जायचा, त्यावर पूल होता, आणि पुलापलीकडची माणसं ओल्या बाजूला. बस्स. पुलाअलीकडचं कुणी कधी ओल्या बाजूला गेलं नाही आणि पलीकडचं कुणी कोरड्या बाजूला आलं नाही. विभागाच्या प्रमुख मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "त्यांना ओल्याची सवय असते. त्वचाच तशी असते त्यांची. बरोबर?" आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या म्हणायच्या, बरोबर. बरोबरबाई सगळ्यांच्या आधी.

ओल्या बाजूला नऊ वर्षं एक बाई होती, तिला बाकीचे 'पलीकडची' म्हणत. बरोबरबाई तिला भिंगवाली म्हणायची, कारण तिच्या गळ्यात दोरीला एक भिंग लटकत असे. ते तिनं स्वतः आणलेलं. प्रत्येक कात्रीचा सांधा ती भिंगाखाली धरून बघायची. रक्ताचा एक ठिपका राहिला तरी पुन्हा ब्रश. तिच्या हातून गेलेल्या ट्रेची वरून कधी तक्रार आली नाही. दोन महिन्यांपूर्वी तिनं सुटीच्या दिवशी जाऊन बांधणीचा कोर्स केला, त्याचं सर्टिफिकेट आणलं आणि कोरड्या बाजूसाठी अर्ज दिला. मोठ्या सिस्टरनी अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "बघू."

हे 'बघू' म्हणजे काय असतं ते ज्याला ऐकावं लागतं त्यालाच कळतं.

*

सोमवारी दुपारी एक ट्रे खाली आला. पोटाच्या ऑपरेशनाचा, बेचाळीस हत्यारांचा. मंगळवारी तो धुऊन, सुकून कोरड्या टेबलावर आला तेव्हा त्यात एकेचाळीस निघाली. एक वाकडा चिमटा नव्हता. पेशंटच्या पोटात राहिला नव्हता, हे नशीब. टाके घालण्याआधी वरच्या नर्सनं मोजून फळ्यावर पूर्ण आकडा लिहिलेला होता. म्हणजे तो वरून खाली येईपर्यंत कुठंतरी पडला, नाहीतर खाली आल्यावर हरवला.

चिठ्ठी काढली. चिठ्ठीवर छापलेलं होतं बेचाळीस, आणि शेजारी निळ्या पेनचा टिकमार्क. बरोबरबाईचा.

म्हणजे खिडकीशी बेचाळीस आली होती. म्हणजे चिमटा ओल्या बाजूला गेला. म्हणजे पलीकडचीनं घेतला. तीन वाक्यं, आणि तिन्ही मधे श्वास न घेता म्हटलेली.

बुधवारी मोठ्या सिस्टरच्या खोलीत सगळे जमले. रुग्णालयाच्या कार्यालयातले साहेब आले होते, हातात फाईल. मोठ्या सिस्टर खुर्चीत. बाकीच्या उभ्या. भिंगवाली दाराजवळ, गमबूट बाहेर काढून मोज्यांवर.

"सोमवारी खिडकीत बेचाळीस मोजून घेतली," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "बरोबर?"

"बरोबर," बरोबरबाई म्हणाली.

जीभच ती. विचारानं यायच्या आत शब्द बाहेर.

"ताई," दाराजवळून भिंगवाली म्हणाली, "मी एकेचाळीस सांगितलं होतं तुम्हाला. एक कमी आलंय असं म्हणाले. तुम्ही बरोबर म्हणालात."

कुणीतरी फिसकन हसलं. "ती काय, आग लागली म्हटलं तरी बरोबरच म्हणते." सगळ्याच हसल्या. साहेबांनीसुद्धा मिशीत हसून घेतलं. त्या हसण्यात बोलायची जी एक फट होती ती बुजून गेली. बरोबरबाई पण हसली. हे नंतर तिला सगळ्यात जास्त टोचलं. शब्द निसटला म्हणता येईल. हसणं कसं निसटतं?

मोठ्या सिस्टर साहेबांना म्हणाल्या, "चांगलं स्टील असतं हो. यांच्या वस्तीत विकलं जातं. आणि शिवाय हिला कोरड्या बाजूला यायचंय म्हणे."

साहेबांनी सांगितलं, अहवाल शुक्रवारी बाराला वर जाईल. सह्या शुक्रवारी. तोपर्यंत हिला कामावर घेऊ नका, पण हजेरीला बोलवा. भिंगवालीनं गळ्यातलं भिंग काढून मुठीत धरलं आणि बाहेर जाऊन गमबूट घालायला लागली. मग तिच्या लक्षात आलं की आता गमबूट लागणार नाहीत. तिनं ते पुन्हा काढले आणि भिंतीला नीट जोडीनं लावून ठेवले.

*

खरं काय घडलं होतं?

सोमवारी दुपारी खिडकी उघडली तेव्हा बरोबरबाईच्या खांद्यात फोन अडकलेला होता. वरून कुणीतरी घाईचा ट्रे मागत होतं. डाव्या हाताच्या तीन बोटांना चिकटपट्टी लागली होती आणि ती निघत नव्हती. खिडकीतून आवाज आला. आवाज आला एवढंच. त्यात कुठला आकडा होता, हे तिला त्या वेळीही माहीत नव्हतं आणि आताही नव्हतं. तोंडानं बरोबर म्हटलं आणि हातानं टिकमार्क केला.

बसमध्ये खिडकीशी बसून तिनं तो क्षण उलटसुलट करून पाहिला. एकेचाळीस. बेचाळीस. दोन्ही आकडे ती त्या आवाजात बसवून बघायची आणि दोन्ही बसायचे. आवाज आठवायचा, आकडा नाही. मग तिनं त्याच्या आदल्या दिवशीचा आकडा आठवून पाहिला. तोही नाही. त्याच्या आदल्या आठवड्यातला एकही नाही. अकरा वर्षांत खिडकीतून आलेला एक आकडा आठवावा म्हणून तिनं डोकं पिळून काढलं आणि तिचा उतरायचा थांबा निघून गेला.

घरी नवरा लवकर आलेला होता. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. त्याच्या गाडीत त्याच्या पायाशीही एक ब्रेक होता आणि त्या ब्रेकवर त्याचा संसारापेक्षा जास्त विश्वास होता. तिनं त्याला सगळं सांगितलं.

"तू ऐकलंस का, ती काय म्हणाली ते?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग संपलं. ऐकलंच नाहीस तर सांगणार काय?"

"हेच, की ऐकलं नाही."

"म्हणजे मी अकरा वर्षं न ऐकता सह्या करतेय, असं जाऊन सांगणार? शाबास. पुढच्या महिन्यात तुला टेबलाची प्रमुख करणारेत, विसरलीस का?"

"विसरले नाही."

"अगं, ती चोर नसेलही. मी म्हणत नाही ती चोर आहे. पण तुझ्या एका बोलण्यानं काय, पूल पाडणारेस का तू?" त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला, सवयीनं. "जरा दम धर. आपोआप मिटेल."

आपोआप. हा शब्द माणसं कधी वापरतात बघा. ज्याच्या अंगावर येतंय तो कधीच वापरत नाही.

लेक आतल्या खोलीतून ओरडली, "बाबा बरोबर बोलतायत का, बरोबरबाई?"

बरोबरबाईनं उत्तर दिलं नाही. लेक बाहेर येऊन आईकडे बघत राहिली. घरात पहिल्यांदाच त्या प्रश्नाचं उत्तर आलं नव्हतं.

*

गुरुवारी सकाळपासून ती वाक्य जुळवत होती. 'सिस्टर, मला जरा बोलायचं होतं.' फार मऊ. 'सिस्टर, माझी चूक झाली.' मग त्या म्हणतील, असू दे गं, आणि पाठीवर हात ठेवून बाहेर काढतील. 'सिस्टर, तुम्ही तिच्यावर अन्याय करताय.' हे वाक्य तिनं कपडे पिळताना, केस विंचरताना, बसच्या दांड्याला लटकताना इतकं घोटलं की ते कुठल्यातरी भाषणातलं वाटायला लागलं.

दहा वाजता ती मोठ्या सिस्टरच्या दारात गेली. टकटक केली. "काय गं?" "सिस्टर, चिकटपट्टी संपत आलीय." सिस्टरनी मागणीवर सही केली.

अकराला पुन्हा गेली. "आता काय?" "चिकटपट्टीच. रुंदवाली हवी होती."

दीडला तिसऱ्यांदा गेली, या वेळी छाती भरून श्वास घेतला, दार ढकललं, आणि आत साहेब बसलेले दिसले. "अरुंदही लागेल," असं म्हणून बाहेर आली.

दुपारी भांडारातून चिकटपट्टीची चार खोकी आली. टेबलावर तिच्या समोर बसणारी वहिनी खोक्यांकडे बघत म्हणाली, "काय, रुग्णालय गुंडाळून घरी नेणारेस का?" वहिनी कुणाचीच वहिनी नव्हती, पण तिला सगळे वहिनी म्हणत, तेरा वर्षं त्या टेबलावर होती आणि तिला सगळं दिसायचं. तिनं आवाज खाली घेतला. "मला कळतंय तुझं काय चाललंय. गप बस."

"वहिनी, मी ऐकलं नव्हतं हो."

"कोण ऐकतं? मी ऐकते का? दीडशे ट्रे असतात. तू एकदा तोंड उघडलंस की सगळ्यांच्या चिठ्ठ्या निघतील. माझ्यासकट. आणि तिचं काय, तिला दुसरीकडे धुण्याचं काम मिळेल. त्यांना मिळतं."

"त्यांना मिळतं म्हणजे?"

"म्हणजे मिळतं." वहिनीनं कापडाची घडी जोरात दाबली. "आता तू मला शिकव."

बरोबरबाईला त्या क्षणी जे कळलं ते तिला आवडलं नाही. तिला वहिनीचा राग यायला हवा होता. राग आलाच नाही. उलट बरं वाटलं. कुणीतरी गप बस म्हणावं, यासाठीच ती सकाळपासून तळघरभर भटकत होती. परवानगी हवी होती, आणि ती मिळाली होती. एवढं स्वस्तात सुटल्यावर माणसाला भूक लागायला हवी. तिला डब्याचं झाकण उघडवेना.

सुटायच्या वेळी भिंगवाली मागच्या फाटकाशी बाकावर बसलेली दिसली. हजेरीला बोलावलेली, काम नाही, दिवसभर नुसती बसून. बरोबरबाई जवळ गेली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मधे एक माणूस बसेल एवढी जागा.

"मला फार वाईट वाटतंय," ती म्हणाली.

भिंगवालीनं भिंग रुमालानं पुसलं, उजेडात धरून पाहिलं. "तुमचं वाईट वाटणं मी कुठं ठेवू, ताई? घरात आधीच जागा कमी आहे."

बरोबरबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायला लागली.

"एक विचारू? तुम्ही ऐकलं होतं का?"

"नाही. खरंच नाही. फोन होता, आणि…"

"तेवढंच विचारायचं होतं. म्हणजे मुद्दाम नाही." ती थोडी हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "मुद्दाम असतं तर निदान माझं काही ऐकलं होतं, असं तरी झालं असतं. नऊ वर्षं मी त्या खिडकीतून आकडे सांगते. दोन वर्षांपूर्वी एकदा मी मुद्दाम नऊशे सांगितले होते. आठवतंय?"

"नाही."

"तुम्ही बरोबर म्हणालात. घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं, तो पोट धरून हसला. मी पण हसले." तिनं भिंग गळ्यात घातलं. "आता हसू येत नाही."

बरोबरबाई एका दमात म्हणाली, "मी उद्या सांगते. मी सांगते की मी ऐकलं, तू एकेचाळीसच म्हणालीस."

"पण ऐकलं नाहीत ना?"

"नाही, पण…"

"मग ते नको. माझ्याविरुद्ध खोटं झालं तेवढं पुरे. माझ्या बाजूनं पण खोटं नको. उद्या कुणी म्हणेल, यांचं खरंसुद्धा खोट्यावर उभं असतं." ती उठली. "घडलं ते सांगा. नाही सांगितलंत तरी मी ओरडायला येणार नाही. आम्ही ओरडलो की फक्त आवाज मोजतात, आकडा नाही."

ती पुलाच्या दिशेनं गेली. बरोबरबाई बाकावर बसून राहिली आणि तिची नेहमीची बस समोरून निघून गेली.

*

शुक्रवारी सव्वाअकराला सगळ्यांना खोलीत बोलावलं. अहवाल टाईप होऊन आलेला होता, चार पानं. खाली सह्यांसाठी रेषा. पहिल्या रेषेखाली बरोबरबाईचं पावतीवरचं नाव.

भिंगवाली दाराजवळच उभी होती. आज पायात चपला होत्या.

मोठ्या सिस्टर वाचायला लागल्या. त्या आवाजात तीच टेबलावरची लय होती, एक वाक्य वाचायचं आणि मान वर करून बरोबर घ्यायचं. "सोमवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ट्रे खाली आला. बरोबर?"

"बरोबर," बरोबरबाई म्हणाली. ते खरंच होतं.

"खिडकीत बेचाळीस हत्यारं मोजून घेण्यात आली. बरोबर?"

'ब' म्हणायला ओठ मिटावे लागतात. तिचे मिटले. सवयीनं मिटले, आणि मिटलेलेच राहिले. घोटलेली सगळी वाक्यं, अन्याय वगैरे, कुठं पळाली कुणास ठाऊक. खोलीत पंख्याचा आवाज. मोठ्या सिस्टरनी मान वर करून ठेवली होती. त्यांना पुढचं वाक्य वाचायचं होतं आणि हिच्या एका शब्दावाचून ते अडलं होतं. आपल्या शब्दाला एवढं वजन आहे, हे अकरा वर्षांत तिला पहिल्यांदा दिसलं.

'म' म्हणायलाही ओठ मिटावेच लागतात.

"मी ऐकलं नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"ती काय म्हणाली ते मी ऐकलं नव्हतं. मी फोनवर होते. तोंडानं बरोबर म्हणाले आणि टिकमार्क केला."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. मोठ्या सिस्टर अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "अगं, दोन दिवस ताणात आहेस. आठवत नसेल तुला. होतं असं. म्हणजे ती एकेचाळीस म्हणाली, असंही तू सांगू शकत नाहीस. बरोबर?"

सुटायचं दार तिथंच होतं. उघडं, रुंद, आणि पलीकडे टेबलप्रमुखाची खुर्ची. फक्त एक शब्द.

"नाही सांगू शकत," ती म्हणाली. आवाज चिरका आला, तिला स्वतःला तो आवडला नाही, तरी ती बोलत राहिली. "आणि बेचाळीस म्हणाली, असंही नाही सांगू शकत. तुम्ही ते लिहिलंय. माझ्या नावावर लिहिलंय. तो टिकमार्क खोटा आहे. त्यावर ही सगळी चार पानं उभी आहेत."

"एक मिनिट," साहेब म्हणाले. "न ऐकता टिकमार्क? असं किती वेळा केलंय तुम्ही?"

वहिनीनं तिच्याकडे असं पाहिलं की कापड असतं तर फाटलं असतं.

"रोज," बरोबरबाई म्हणाली. "मी माझं सांगतेय. बाकीच्यांचं मला माहीत नाही."

मोठ्या सिस्टरचा गोडवा संपला. "कळतंय का तुला तू काय बोलतेस? एका पलीकडचीसाठी सगळ्या विभागाला चिखलात घालतेस. लाज आहे का?"

"आहे. बुधवारी हसले त्याची आहे."

"ठीक आहे," मोठ्या सिस्टर साहेबांकडे वळल्या. "हिला टेबलावर ठेवता येणार नाही. उद्यापासून हिला ओल्या बाजूला पाठवते. सहा महिने. म्हणजे डोकं ठिकाणावर येईल."

हे ऐकून बरोबरबाईला कसं वाटायला हवं होतं? वाईट. पण तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी खटकन बसलं, ट्रेमध्ये हत्यार आपल्या खाचेत बसतं तसं.

"ती शिक्षा आहे का, सिस्टर?"

"नाहीतर काय बक्षीस आहे?"

"नाही, विचारते. कारण तुम्ही म्हणायचात, ते नुसतं काम आहे, त्यांना सवय असते." तिनं दाराकडे बोट केलं नाही, पण सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. "मला सहा महिने मिळाले ते माझ्या चुकीबद्दल. तिला नऊ वर्षं कशाबद्दल?"

साहेबांनी घड्याळात पाहिलं. बाराला पंधरा मिनिटं कमी. त्यांनी चार पानं उचलली, नीट सारखी केली आणि सही न घेता फाईलमध्ये घातली. "हे असं वर पाठवता येणार नाही," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. त्यांना न्यायाची काळजी नव्हती. सहीशिवाय कागद पुढे सरकत नाही, एवढंच त्यांचं दुखणं होतं. पण त्या दिवशी तेवढं पुरलं.

*

चिमटा कधीच सापडला नाही. भिंगवाली सोमवारपासून कामावर आली, 'ताकीद देऊन' असं लिहून. कसली ताकीद, ते कुणी लिहिलं नाही. टेबलप्रमुख वहिनी झाली. नवरा चार दिवस घुम्यासारखा वागला आणि पाचव्या दिवशी स्वतःहून गमबूट आणायला बरोबर आला. दुकानात म्हणाला, "एक नंबर मोठा घे, मोज्यांवर बसायला हवा." लेकीनं नाव बदलून 'चूकबाई' करून पाहिलं, पण ते काही चिकटलं नाही.

ओल्या बाजूला पहिल्या आठवड्यात बरोबरबाईच्या बोटांची सालं निघाली. त्वचा कुणाचीच तशी नसते, हे तिला बोटांवर कळलं. भिंगवाली तिच्याशी कामापुरतं बोलायची. सांधा असा उघड, ब्रश आडवा नको, पाणी आधी गार मग गरम, नाहीतर रक्त धरून बसतं. आभार नाहीत, गोडवा नाही. बरोबरबाईला आधी ते लागलं. आपण एवढं केलं, असा एक किडा तिच्या मनात वळवळत होता, आणि सिंकवर वाकलेली असताना तिनं तो तिथंच धरला. केलं काय होतं? खोटा टिकमार्क मागे घेतला होता. त्याचे आभार असतात का?

दुसऱ्या आठवड्यात भिंगवालीनं हात कोरडे करून एक कागद तिच्यासमोर धरला. कोरड्या बाजूसाठी नवा अर्ज. जुना ड्रॉवरमध्ये 'बघू' होऊन पडला होता. या वेळी खाली लिहिलं होतं: काम पाहणाऱ्या सहकारी व्यक्तीची सही.

बरोबरबाईनं पेन घेतलं आणि रेषेवर टेकवलं.

"वाचून," भिंगवाली म्हणाली.

बरोबरबाईनं पेन उचललं. वाचलं. दुसऱ्या ओळीत सर्टिफिकेटचं वर्ष चुकलं होतं. तिनं ते दाखवलं. भिंगवालीनं भिंग डोळ्याला लावून पाहिलं, दुरुस्त केलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे मान वर करून बघितलं. मग सही झाली.

तेवढ्यात वरून ट्रे आला. छोटा, अठ्ठावीसचा. बरोबरबाईनं मोजला. अठ्ठावीस. पुन्हा मोजला. अठ्ठावीस. तिनं खिडकीची काच सरकवली. पलीकडे वहिनी होती, मान खाली, डाव्या हातात फोन, उजव्या हातात पेन.

"अठ्ठावीस," बरोबरबाई म्हणाली.

"बरोबर," वहिनी म्हणाली आणि टिकमार्क करायला लागली.

बरोबरबाईनं ओला हात खिडकीतून आत घातला आणि चिठ्ठीवर ठेवला. कागद भिजला. शाई पसरली. वहिनीनं चमकून वर पाहिलं.

"वहिनी," ती म्हणाली, "किती म्हणाले मी?"